एक टाका लांब, एक आखूड

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मला जास्त आवडलं असतं, कारण यात सगळ्यात वाईट मीच दिसते.

मध्यरात्र, वारा, कुत्र्यांचं रडणं यातलं काही यात नाही. जे घडलं ते दुपारी चार वाजता घडलं. भर उजेडात. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, जिथे मी आजही राहते.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे हातात असतात. इतकी तोंडं समोर, पण बोलायला कोणी नाही, असं मी गमतीने म्हणते.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. मला मावशीने वाढवलं. ती शिवणकाम करायची, लग्न केलं नाही. मला तिने सुई धरायला शिकवली, पण माझा धावदोरा कधी सरळ आला नाही. एक टाका लांब, एक आखूड. ती हसून हसून बेजार व्हायची. तिने माझं नावच पाडलं होतं... लांबआखूड. हे नाव आम्हा दोघींशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

हे लक्षात ठेवा.

मी नोकरीसाठी या शहरात आले. ती तिकडेच राहिली, बसने सहा तासांवर. रोज चारला तिचा चहा व्हायचा आणि चहा झाला की ती मला फोन करायची. नेमका त्याच वेळी लॅबमध्ये दिवसाचा माल बाहेर पडायचा. पॉलिशची मोटर चालू, मालक डोक्यावर उभा.

मी म्हणायचे, "मावशी, कामात आहे. नंतर करते."

ती म्हणायची, "बरं. पण जेवून घे."

नंतर मी कधीच करायचे नाही.

मग मला एक युक्ती सुचली. लॅबमधल्या एकाने त्याचा जुना गेम विकायला काढला होता. टीव्हीला जोडायचा डबा, एक कंट्रोलर आणि आत एकच गेम. परग्रहावर एक अंतराळवीर एकटाच पडलाय. मारामारी नाही, शत्रू नाहीत. नुसतं चालायचं, वस्तू गोळा करायच्या, घर बांधायचं. वाट चुकू नये म्हणून लाल झेंडे रोवत जायचे. शेवटी पडलेला रेडिओचा टॉवर दुरुस्त केला की सुटका.

मी तो मावशीला नेऊन दिला. "वेळ जाईल तुझा," असं सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तिने मला फोन करू नये म्हणून दिला.

मी दोन दिवस राहून तिला शिकवलं. कंट्रोलरला ती रिमोटच म्हणायची. दुसऱ्या दिवशी तिने गेममधल्या त्या जांभळ्या माळरानावर मान वर केली आणि म्हणाली, "दोन दोन सूर्य आहेत गं. कपडे काय पटकन वाळत असतील."

पुढच्या महिन्यात तिचे फोन कमी झाले.

मग बंदच झाले.

मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू.

असे आठ महिने गेले.

मग गेल्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सव्वाचारला मला तिच्या शेजाऱ्यांचा फोन आला. ते निवृत्त बसड्रायव्हर, आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतो.

"अगं, तुझा फोन नुसता वाजतोय आणि तुझी मावशी उचलत नाहीये. जरा काळजी वाटते."

मी फोन केलेलाच नव्हता. पण मोटरच्या आवाजात मला अर्धंच ऐकू आलं. मी म्हणाले, "काका, कामात आहे. नंतर करते."

पाच वाजता त्यांचा परत फोन आला.

तोपर्यंत त्यांनी दार तोडलं होतं. मावशी टीव्हीसमोर खुर्चीत होती. रिमोट मांडीवर. डॉक्टर म्हणाले, दुपारीच झोपेत गेली.

सगळं आटोपल्यावर काका माझ्याजवळ येऊन बसले.

"तुझं एक मला फार आवडायचं," ते म्हणाले. "लांब राहूनही रोज चारला फोन. अर्धा अर्धा तास. भिंत पातळ आहे ना, दोघींचा आवाज यायचा. तू हसलीस की मला कळायचं तूच आहेस. त्या दिवशी नुसतं वाजतच राहिलं, म्हणून तर मी दार ठोठावलं."

मी मान हलवली. खरं सांगायची लाज वाटली.

मग आतल्या खोलीत जाऊन मावशीचा मोबाईल उघडला. माझ्या नंबरवर तिने शेवटचा फोन केला होता... आठ महिन्यांपूर्वी. माझा तिला एकही नाही.

मग काका कुणाचा आवाज ऐकत होते?

मी तो डबा माझ्या घरी आणला. मालकाने दोन आठवडे सुट्टी दिली होती. घरी रडत बसण्यापेक्षा मावशी आठ महिने काय करत होती ते बघावं, असं मनात होतं. आणि आणखी एक होतं, ते सांगूनच टाकते. मला तिची माफी मागायची होती. कुठे मागायची ते कळत नव्हतं.

गेम सुरू केला. तिचं तिकडचं घर समोर आलं.

नीटनेटकं. खिडकीशी दोन खुर्च्या, दोन्हींची तोंडं त्या दोन सूर्यांकडे.

एकट्या अंतराळवीराला दोन खुर्च्या कशाला?

बाहेर लाल झेंडे होते. मी नकाशा उघडला आणि हसू आलं. घराभोवती गोल, एकसारख्या अंतरावर, सुंदर धावदोरा घातला होता तिने. हसता हसता रडू आलं.

तेवढ्यात काहीतरी वाजलं.

माझा फोन नव्हता. दाराची बेल नव्हती.

टीव्हीतून आवाज येत होता... तिच्या त्या घरातला रेडिओ वाजत होता.

मी घड्याळ बघितलं. चार.

नऊ वेळा वाजला आणि थांबला. माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन कोपऱ्यावरच्या गेमवाल्याकडे गेले. गेम दुरुस्त करणारा, चाळिशीचा माणूस, सगळ्या ग्राहकांना ताई म्हणणारा. त्याने तपासलं आणि मान हलवली.

"ताई, तो रेडिओ वाजत नाही. नुसती शोभेची वस्तू आहे ती. टॉवर दुरुस्त केला की गेम संपतो, तुमच्या मावशींनी तर टॉवरला हातही लावलेला नाही."

"दुसरं कोणी बाहेरून येऊन खेळत असेल?"

"हा इंटरनेटवरचा गेमच नाही. याच्यात एकच माणूस असतो." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, झोप होते ना तुमची?"

मी डबा घेऊन परत आले.

त्या दिवशी चारला रेडिओ परत वाजला. नऊ वेळा.

तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी मला नकाशाच्या पार टोकाला एक लाल ठिपका दिसला.

झेंडा.

मावशीचा धावदोरा घराभोवती होता. हा दूर, जिथे ती कधी गेलीच नव्हती तिथे होता. पाचव्या दिवशी तिथे झेंड्यांची ओळ झाली. सहाव्या दिवशी ओळ निम्म्यावर आली. मी झेंडे रोवत नव्हते. रात्री मी डब्याची वायर काढून उशाशी ठेवायचे.

तरी रोज ओळ वाढायची.

कुणीतरी चालत येत होतं... घराकडे.

तुम्ही विचाराल, भीती नाही वाटली? वाटली. पण त्याहून जास्त आशा वाटली. मावशीच असणार. दुसरं कोण? फोन लागत नाही म्हणून ती चालत येतेय. आली की मी तिची माफी मागणार, आणि या वेळी मध्येच फोन ठेवणार नाही. सात दिवस मी दुपारी जेवले नाही, चार वाजायची वाट बघत बसले.

आठव्या दिवशी पावणेचारला मी नकाशा मोठा करून ती ओळ नीट बघितली.

मावशीचा हात नव्हता तो.

झेंड्यांमधलं अंतर सारखं नव्हतं. एक टाका लांब... एक आखूड. एक लांब... एक आखूड.

सबंध माळरानावर.

डबा बंद करायला हवा होता. पण चार वाजले, रेडिओ वाजला आणि मला मावशी हवी होती. मी त्या अंतराळवीराला खुर्चीतून उठवलं आणि रेडिओ उचलला.

आधी नुसती खरखर.

मग आवाज आला.

"मावशी?"

तो माझा आवाज होता.

"मावशी, मी गं. लांबआखूड."

मी टीव्हीच्या अगदी जवळ सरकले.

"किती दिवस झाले. रोज करतेय मी. रागावलीस का? बोलत का नाहीस?"

त्या आवाजात जी माया होती ती मी मावशीशी बोलताना कधी वापरली नव्हती. मला ती ओळखूही आली नसती, आवाज माझा नसता तर.

"मी निघालेय तुझ्याकडे. खुणा लावत येतेय, तू शिकवलंस तसं. सरळ येत नाहीत अजून. हसू नकोस." मग ती थांबली. "मावशी... तिथे कोण आहे? श्वास ऐकू येतोय."

मावशी गेली, हे मला सांगायचं होतं. तू कोण आहेस, हे विचारायचं होतं. आठ महिने तुम्ही काय बोलायचात, हेही.

पण माझ्या तोंडून काय निघालं ते ऐका. भीतीने निघालं की सवयीने, देव जाणे.

"कामात आहे," मी म्हणाले. "नंतर करते."

त्या रिमोटला माईक नाही. गेमवाल्याने मला नंतर उघडून दाखवलाय.

तरी पलीकडे ते ऐकू गेलं.

मग माझ्याच आवाजात, अगदी शांतपणे...

"बरं. पण जेवून घे."

मी वायर खेचून काढली.

दुसऱ्या दिवशी एकदाच गेम लावला, खात्री करायला. रेडिओ वाजला नाही. झेंड्यांची ओळ थेट दारापर्यंत आली होती. शेवटचा झेंडा उंबऱ्याला टेकलेला. आत दोन्ही खुर्च्या खिडकीकडे नव्हत्या. एकमेकींकडे तोंड करून ठेवलेल्या होत्या.

मी डबा खोक्यात घातला, खोक्याला चिकटपट्टी लावली आणि कपाटावर टाकला. सुट्टी संपली. कामाला लागले.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

माझ्या खालच्या मजल्यावर एक नर्स राहते. तिला रात्रपाळी असते, त्यामुळे ती दिवसा झोपते. दोन महिन्यांपूर्वी जिन्यात भेटली.

"राग मानू नका," ती म्हणाली, "पण दुपारी जरा हळू हसत जा ना. मावशी आल्यात का तुमच्या? तुम्ही त्यांना मावशी म्हणता ते ऐकू येतं. छान गप्पा चालतात हो तुमच्या, पण नेमकी माझी झोप मोडते चार वाजता."

चार वाजता मी लॅबमध्ये असते. खोलीला कुलूप असतं.

मी तिला म्हणाले, "हो, सांगते त्यांना."

पुढच्या मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढली. चार वाजून पाच मिनिटांनी स्वतःच्या दाराबाहेर उभी राहिले. चोरासारखा कान लावला.

आत मावशी बोलत होती.

शब्द सगळे कळत नव्हते. कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची गंमत सांगत होती, मध्येच तिचं तिलाच हसू येत होतं. आणि मी... म्हणजे माझा आवाज... "मग? मग काय झालं?" असं विचारत होता. घाई नव्हती त्याला कसली. ही गोष्ट मी कधी ऐकलेली नव्हती. मावशीला इतकं लांब बोलता येतं हेच मला माहीत नव्हतं. मी तेवढा वेळ फोन धरलाच नव्हता कधी.

किल्ली माझ्या हातात होती. दारापलीकडे माझी मावशी होती. मला एवढंच म्हणायचं होतं, "चुकले गं."

किल्ली कुलपात घातली. थोडासा आवाज झाला.

आतलं बोलणं थांबलं.

मावशीने विचारलं, "दाराशी कोणी आहे का गं?"

आणि माझा आवाज म्हणाला, "कोणी नाही, मावशी. तू सांग."

मी किल्ली हळूच बाहेर काढली. पायऱ्यांवर जाऊन बसले. साडेचारला सगळं शांत झालं, तेव्हा आत गेले. खोलीत कोणी नव्हतं. खोकं कपाटावर होतं, चिकटपट्टी तशीच.

गेमवाला म्हणतो, विकून टाका ताई, मी घेतो. नर्स म्हणते, हल्ली आवाज कमी येतो, थँक्यू. खोकं मी विकलेलं नाही. मी रोज सहानंतरच घरी येते, आणि दार उघडण्याआधी बेल वाजवते. का वाजवते, मला सांगता येणार नाही.