गोगलगायीनं न खाल्लेला तरवा

धाकट्या मुलानं, मायाप्पानं, भरलं ताट ढकललं, ते सोनुबाईंना मुळीच खपलं नाही.

"भाकरी हाय का कडू जहर? ह्या वैनीला रांधायचंबी जमंना, रानबी राखायला जमंना!"

सोनुबाईंनी त्याच भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. ज्वारी गोड होती.

शालू, थोरल्या मुलाची विधवा, दाराआड रडत होती. सकाळी ती बाजाराला गेली आणि दुपारी परतली तर तिच्या वाफ्यातला तंबाखूचा तरवा, लावणीची कोवळी रोपं, गायब. ओल्या मातीवर नुसत्या गोगलगायी.

"हंगाम बुडाला. आता हिला माहेरी धाडा, अन् वाटणीचं रान माझ्याकडं द्या," मायाप्पा म्हणाला.

सोनुबाई उठल्या. "भावजी, चला रानात."

दीर नागोजी मागोमाग निघाले. शालूच्या वाफ्यात काठाला चार रोपं उरली होती. मधे माठाचं तण मात्र हिरवंगार, एक पान कुरतडलेलं नाही. लागूनच मायाप्पाचा तरवा होता, जसाच्या तसा.

शेजारचा देवाप्पा धावत आला. "आक्का, माझी शेळी बांधलेलीच हुती बगा!"

"शेळीनं माठ सोडला असता व्हय रं? जा घरी."

"मग गोगलगायीनंच खाल्लं की, वैनी," नागोजी म्हणाले.

सोनुबाईंनी तंबाखूचं एक पान, माठाची काडी आणि एक गोगलगाय पदरात घेतली.

घरी येताच त्यांनी मायाप्पाला विचारलं, "आज रानात गेलतास?"

"न्हाय. सकाळधरनं निपाणीत हुतो. आठ दिवस तंबाखूला हात लावला न्हाय."

सोनुबाईंनी परातीत मधोमध गोगलगाय ठेवली, एका बाजूला तंबाखू, दुसरीकडे माठ. गोगलगाय तंबाखूपाशी गेली, शिंगं झटकन आत ओढली, वळली आणि माठाला लागली.

"बगा भावजी. झाडाला पाय न्हाईत पळायला, म्हणून ते अंगात कडूजार ठेवतं. माठ समोर असताना ही तंबाखू खाईल? अन् खाल्ला असता तर बुडखे राहिले असते. हितं मुळासकट उपटलंय. गोगलगायी वढ्याकाठनं आणून टाकल्यात."

"कुणी?"

"भाकरी सगळ्यांनी खाल्ली. कडू एकालाच लागली. रोपं उपटताना बोटांना लागलेला तंबाखूचा चीक नुसत्या पाण्यानं जात न्हाय. निपाणीकडं तंबाखूत जन्म काढलेल्या बाईला हे शिकवावं लागतंय व्हय? मायाप्पा, बोटं चाट."

मायाप्पानं मुठी आवळल्या. "आये, मी तुझा ल्योक..."

"म्हणून तर अजून हुभा हाईस! उद्या तुझ्या तरव्यातली रोपं उपटायची अन् शालूच्या रानात वाकून लावायची, गावादेखत. तुझ्या रानाला उरली तर उरली. तिचं रान तिचंच ऱ्हाईल. ते हिसकायला कुणाची माय व्यालीय ते बगते मी. अन् तुझी माय तर मीच हाय!"