गाऱ्हाण्यात नसलेलं नाव

"आणि बा देवा म्हाराजा, ह्या घरातली जी लेकरां पोटापाण्यासाठी परमुलखात गेली आसत, तो आमचो धनेश, ती सारिका, ती तेंची रिया, तेंका सुखात ठेव, तेंच्या वाटेतलो काटो दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांनी एका सुरात साथ दिली.

शेजारचे भिकाजीकाका गणपतीपुढे हात जोडून गाऱ्हाणं घालत होते, आणि जानकी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात, हातात मोदकांचं ताट घेऊन उभी होती... धनेशचं नाव झालं, रियाच्या बारावीसाठी मागणं झालं, गोठ्यातल्या गुरावासरांची राखण करायलाही देवाला सांगून झालं. म्हशीसाठीसुद्धा मागतात हो! पण जी बाई त्या म्हशीला पेंढा घालते तिचं नाव तिच्या बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात एकदाही त्या गाऱ्हाण्यात आलं नव्हतं. घरी राहिलेल्या माणसासाठी काय मागायचं? ते घरीच तर असतं!

"काय चूकभूल झाली आसात तर पदरात घाल..."

"थांबा काका!" जानकीने ताट पाटावर ठेवलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "एक नाव रवलां."

"कोणाचां गो?"

"माझां. पाचव्या दिवशी बाप्पा जातलो, तेच्या दुसऱ्या दिवशी मीय जातलंय. कोल्हापुराक. माका नोकरी लागली."

धनेश, तिचा धाकटा भाऊ, हसला. त्याला ती थट्टाच वाटली. पण ताईच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं.

"कसली नोकरी?"

"थंयच्या एका इस्पितळात अंथरुणाक खिळलेल्या माणसांका बघूचां. रवाक खोली देतत. अठरा वर्षां बाबांचां जां केलंय तांच करूक जातंय, धनेश. फक्त हंय तेका कोण काम म्हणी नाय, थंय म्हणतत."

"आणि ह्या घराचां काय?" त्याचा स्वर चढला. "वाडीतल्या अकरा घरांतली सात बंद आसत. आपल्याय घराक टाळां लावचां? गणपती बंद घरात बसतलो?"

"त्या सात घरांतय गणपती बसताच मा? चार दिवस आधी येवन जाळी काढतत, सारवतत आणि बसयतत."

"तू आसस म्हणान आमी येतंव गो ताई! आमी येतंव तेव्हा चूल पेटलेली आसता, दिवो लागलेलो आसता..."

"तांच विचारतंय तुका! तू दहा दिवस येतस, तेव्हा दिवो लागलेलो आसता. बाकीचे तीनशे पंचावन दिवस तो मी कोणासाठी लावतंय?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडायचं ते केव्हाच रडून झालं होतं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून या घरात संध्याकाळी तिच्याशी बोलायला फक्त टीव्ही होता. वाडीतली पोरं कॉलेजसाठी गेली ती परतली नाहीत, त्यांची पोरं तिकडेच जन्मली. आंबा-काजूचे दोन महिने गेले की उरलेल्या दहा महिन्यांत इथे काम नाही, म्हणून त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांनी जायचं आणि वर्षातून एकदा चाकरमानी म्हणून मिरवत यायचं. मग एकट्या जानकीनेच का राहायचं? घर उघडं दिसावं म्हणून?

"तुका काय कमी आसा हंय?" धनेश म्हणाला, आणि ते वाक्य तिच्या काळजाला झोंबलं.

"कमी? ऐक तर मग! वीस वर्षांपूर्वी मी नर्सिंगचो फॉर्म भरलेलंय, आठवता? तुका सांगलेलंय, माझो नंबर लागूक नाय म्हणान. खोटां सांगलंय! लागलेलो नंबर. ह्याच कोल्हापुरात. पण त्याच आठवड्यात बाबा माडावरसून पडले, आणि तू मुंबयत नुकतोच नोकरीक चिकटलेलंस. खरां सांगलां असतां तर तू सगळां सोडून परत इलो असतंस!"

"खोटां..." धनेश पुटपुटला. "खोटां बोलतस तू. आता जावचां आसा म्हणान!"

"खोटां नाय ता." भिकाजीकाका खाली बसले. आयुष्यभर त्यांनी या पंचक्रोशीत टपाल वाटलं होतं. "ता पत्र मीच हाडून दिलेलंय. हिने माका शपथ घातली, धनेशाक कळता नये. मी गप रवलंय. पण बाये, दरवर्षी हंय गाऱ्हाणां घालतंय, आणि सगळां ठावक आसान तुझां नाव घेवक माका एकदाय सुचलां नाय गो..."

धनेश अंगणात निघून गेला.

पुढचे चार दिवस तो ताईशी बोलला नाही. आरतीला उभा राहायचा, जेवायचा आणि मान फिरवायचा. सारिकाने तेवढी एकदा भांडी घासता घासता नणंदेच्या पाठीवर हात ठेवला. "ताईनू, तुमी जावा. तेंचां काय तां मी बघतंय." म्हैस काकांच्या गोठ्यात गेली. पाचव्या दिवशी ओहोळात विसर्जन झालं. धनेशने मूर्ती डोक्यावर घेतली होती, आणि परतताना त्याचे डोळे लाल होते. जानकीने विचारलं नाही. तिने बॅग भरली. आता मागे वळायचं नाही! आई गेल्यावर पोटच्या पोरासारखं ज्याला जपलं त्याने जन्मभर अबोला धरला, तरी नाही!

सहाव्या दिवशी सकाळी तिला जाग आली ती ठोकण्याच्या आवाजाने. बाहेरच्या दाराशी धनेश उकिडवा बसला होता. आदल्या दिवशी कट्ट्याच्या बाजारात जाऊन त्याने काहीतरी आणलं होतं, ते तो दाराला बसवत होता. जानकी पाहातच राहिली. या दाराला बाहेरून कधी कोयंडाच नव्हता! आत फक्त अडसर होता. घरात कायम कुणीतरी असायचं, मग बाहेरून बंद करायची गरजच काय?

"वीस वर्षां ह्या दाराचो कोयंडो तूच होतंस गो ताई," तो मान वर न करता म्हणाला. "माका कळलां नाय... माफ कर माका!"

मग मात्र तिचा बांध फुटला. तिने त्याचं डोकं छातीशी धरलं आणि दोघंही त्या उंबऱ्यावर लहान पोरांसारखी रडली.

सगळे बाहेर आल्यावर धनेशने स्वतःच्या हाताने कुलूप लावलं. दोन चाव्यांतली एक तिच्या मुठीत दिली. "आधी तू येतलंस, तर तू उघड. आधी मी इलंय, तर दिवो मी लावतलंय." मग त्याने पायरीवर नारळ ठेवला. भिकाजीकाका पुढे सरसावले, पण त्याने त्यांना थांबवलं. गाऱ्हाणं त्याने जन्मात घातलं नव्हतं. शब्द अडखळत होते, मालवणीत मधेच ऑफिसातली मराठी घुसत होती.

"बा देवा म्हाराजा... आमची जानकी, ह्या घराची थोरली लेक, आज नोकरीसाठी कोल्हापुराक जातासा. तिच्या पाठीशी खंबीरपणे उभो रव. तिका परक्या गावात एकटां वाटाक देव नको. आणि पुढच्या चतुर्थीक तिका चाकरमानी म्हणान, मानान घराक हाड रे म्हाराजा!"

ज्याच्यासाठी मागणं असतं त्याने 'होय' म्हणायचं की गप्प राहायचं, हे जानकीला ठाऊक नव्हतं. तशी वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. तिने बॅग खांद्याला लावली, चावी मुठीत आवळली आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाली,

"होय म्हाराजा!"