नुर्बूनं बसवलेली बुखारी

दार नीट लावून घे, रिग्झिन. आणि बुखारीत लाकूड बेतानं घाल.

हसू नका रे. नुर्बू माझा लहानपणापासूनचा जोडीदार, त्याच्याच तोंडून ऐकलंय. गेल्या हिवाळ्यात गल्दन नमचोटच्या सणाचे दिवे लागले, त्याच्या दुसऱ्या रात्रीची गोष्ट. त्याच्या बहिणीची, डिस्कितची, बुखारी गंजून फुटली होती. यानं तेलाचं पिंप कापून नवी केली, जीपवर लादली आणि वरच्या गावात नेऊन बसवली. पेटवून पाहिली. धूर धुराड्यातून सरळ वर गेला.

डिस्कितची सासू मात्र घुश्शात. "जुनी काढलीसच का? हे असते ना, तर तुला हात लावू दिला नसता."

"आमा-ले, ते गेले, त्यांच्यामागं बुखारीही गेली. आता ऊब घ्या नि गप झोपा."

"मेल्या, जीभ बघ याची!" म्हातारी हसली.

थुक्पा पिऊन झाला. गाय व्यायला आली होती, म्हणून डिस्कित कंदील घेऊन गोठ्यात गेली. नुर्बू आणि म्हातारी बुखारीपाशी आडवी झाली.

दार करकरलं तशी नुर्बूला जाग आली. घराचं नव्हे... बुखारीचं.

कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. लाकूड घालत होतं. एक. मग आणखी एक. त्याला वाटलं, डिस्कित असेल. पण पाठ वाकलेली होती. पुरुषाची.

हा उठायला गेला. हात हलेना. पाय हलेना. ओरडायला तोंड उघडलं...

आवाजच नाही.

"थंडी वाजते ना गं?" तो माणूस म्हणाला. अगदी मायेनं.

म्हातारीनं पांघरुणातून हात बाहेर काढला. त्यानं तो धरला. नुर्बू बघत होता. हातभर अंतरावरून. तिचा श्वास लांबला... आणखी लांबला...

मग त्या माणसानं मान वळवायला सुरुवात केली. नुर्बूकडे.

तेवढ्यात डिस्कित आली. खोली धुरानं कोंदलेली. तिनं भावाला फरफटत बाहेर बर्फात आणलं आणि पुन्हा आत धावली. सासू केव्हाच गेली होती. बाहेर नुर्बू बहिणीचा हंबरडा ऐकत पडला होता. त्याचं बोटसुद्धा हलत नव्हतं.

उजाडल्यावर शेजारी छतावर चढले. भुरभुरीत बर्फ, त्यावर एक पाऊल उमटलेलं नाही. आणि धुराड्याच्या तोंडात लोकरीची टोपी कोंबलेली. जळालेली नाही. काळीही नाही.

डिस्कितनं ती हातात घेतली. सासऱ्याच्या चितेत सासूनं ती स्वतः ठेवली होती. जळताना डिस्कितनं पाहिली होती.