रूपरावांच्या शेजारची खुर्ची

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. मी स्वतः तिथे होते, आणि जे झालं त्यात माझाही हात होता.

मी सुनीती, वर्ध्याची. वय नव्वदीला टेकलंय, बोटं थरथरतात. म्हणून मी सांगते आहे आणि नातसून लिहून घेते आहे. तिला बजावलंय, माझा शब्द बदलायचा नाही.

साल १९५७. पौष महिना, संक्रांत आठ दिवसांवर. तळेगाव श्यामजी पंत माहीत असेल तुम्हाला. तिथून अडीच मैलांवर एक खेडं आहे. नाव सांगणार नाही. ज्यांची ही गोष्ट, त्यांच्या भाऊबंदांतली माणसं अजून तिथे नांदतात.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. टळटळीत दुपार होती.

आमचे हे, म्हणजे अच्युतराव, फोटोग्राफर. लग्नमुंजीचे नव्हेत. गावोगाव फिरून लोकांचं रोजचं जगणं टिपायचं सरकारी काम त्यांना मिळालं होतं. विहीर खणणारे, कापूस वेचणाऱ्या बाया, साक्षरतेचे वर्ग. ह्यांचा एक नियम होता. ज्या घराचा फोटो घेतला, त्या घराला एक प्रत नेऊन द्यायचीच. त्यामुळे गावं ह्यांना जीव लावायची.

बाया परक्या पुरुषासमोर उभ्या राहत नसत. म्हणून मी सोबत जायची. पदर नीट करायची, हसवायची, धीर द्यायची.

हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं.

मी ह्यांची दुसरी. पहिली पद्मा, विषमज्वराने गेली. ह्यांच्या पेटीत तिचे एकसष्ट फोटो होते. मी मोजले होते. माझे तीन. मला तिचा राग यायचा, मेलेल्या बाईचा. ह्यांना घरात एकटं सोडलं की हे ती पेटी उघडून बसतील, म्हणून मी पाठ सोडायची नाही.

तर त्या गावात रूपरावांचं घर. चाळीस एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दोन बैलजोड्या, माणूस अबोल. त्यांचीही ही दुसरीच बायको, मनकर्णा. वीस-एकवीस वर्षांची. पहिली आनंदाबाई चार वर्षांपूर्वी गेलेली.

मनकर्णाच्या गळ्यात काळ्या पोतीबरोबर चांदीचा एक टाक होता. नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. ती आनंदाबाई. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीला असं गळ्यात वागवायचं, ही चाल. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं. ताटातला पहिला घास तिचा. संक्रांतीचं पहिलं वाण तिचं.

मी तिची वेणी सारखी करत होते तेव्हा ती बोलली.

"बाई, मोठी त्याइले नावानं हाक मारे म्हणतात. साऱ्या गावासमोर. मी पाच वर्सं राह्यली तरी माहं तोंड नाई उघडनार. मोठी अशी होती, मोठी तशी होती. रोज तेच आयकून राह्यली मी."

"मेलेल्या म्हशीला मणभर दूध," मी म्हटलं. दोघी हसलो.

मग ती हळूच म्हणाली, "मले एकडाव तरी त्याइच्याजवळ एकटीनं बसाचं हाय. फोटूत तरी."

मला तिचं इतकं पटलं की काय सांगू. मी म्हटलं, काढ तो टाक. फोटो होईपर्यंत मी धरते.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

शाळेतून दोन खुर्च्या आणल्या होत्या. रूपराव एका खुर्चीत बसले, ती शेजारच्या. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या शेजारी खुर्चीवर. ह्यांनी तीन पायांचा कॅमेरा लावला, डोक्यावर काळं कापड घेतलं. मी ह्यांच्या मागे उभी, मुठीत टाक. चांदी गार होती.

हे म्हणाले, "हलू नका."

आणि...

माझी मूठ तापली. उन्हात ठेवलेल्या पितळेसारखी. मी दात आवळून तशीच धरून ठेवली.

माझ्या मागून कुणीतरी गेलं. बांगड्या वाजल्या. काचेच्या, भरगच्च. त्या खुर्च्यांकडे गेल्या आणि थांबल्या.

मी बघितलं. अंगणात आम्ही चौघंच होतो.

फोटो झाला. मनकर्णाने टाक परत ओवला. ती इतकी खूश होती की मी काही बोलले नाही. निघताना तिने दोनदा सांगितलं, संक्रांतीच्या आधी फोटू आणा. हळदीकुंकवाला बाया येतील, त्यांना दाखवायचा आहे.

वर्ध्याला रामनगरात आमचं बिऱ्हाड होतं. मागच्या कोठीला काळे पडदे लावून ह्यांनी धुलाईची खोली केली होती. आत लाल दिवा. तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचा. त्या काचेतून कागदावर प्रकाश पाडायचा, मग कागद औषधाच्या थाळीत हलवत राहायचं. चित्र हळूहळू वर येतं. ते काम माझं.

रूपराव आधी आले. मिशी, फेटा, गुडघ्यावरचा हात.

मग शेजारची खुर्ची आली. लुगड्याचे काठ आले. हात आले, बांगड्या आल्या, गळा आला, पोत आली.

चेहरा...

आलाच नाही.

पांढरं. नुसतं पांढरं, कोऱ्या कागदासारखं.

मी हलवत राहिले. बाकी सगळं काळं पडायला लागलं, पण ते तेवढं पांढरंच. आणि मग मी गळ्याकडे पाहिलं. पोतीत टाक होता. स्वच्छ, त्यावरच्या आकृतीसकट.

फोटो काढला तेव्हा तो माझ्या मुठीत होता. तळहाताला फोड आला होता, तो अजून दुखत होता.

मी ह्यांना हाक मारली. हे म्हणाले, काचेने तेवढ्या जागी ऊन खाल्लं असेल. टाकाबद्दल म्हणाले, तू नंतर दिलास का आधी, तुझ्या लक्षात नसेल. दुसरी प्रत काढली, तिसरी काढली. तिन्हीत तेच. तिसरीच्या वेळी थाळीतल्या पाण्यात बांगड्या वाजल्या. मी दोन्ही हात बाहेर काढले होते.

पुन्हा जाऊन फोटो काढायला वेळ नव्हता. तळेगावहून येणाऱ्या मोटारवाल्याबरोबर मनकर्णाने निरोप धाडला होता. फोटू झाला का. दुसऱ्या दिवशी परत तोच निरोप.

ह्यांचा हात चांगला होता. फोटोतले व्रण, सुरकुत्या पेन्सिलीने घालवायचे, मिटलेले डोळे उघडे करायचे. त्या काळी सगळेच फोटोग्राफर करत. हे म्हणाले, चेहरा मी भरतो. अर्धा तास पाहिलंय तिला, कुणाला कळणारही नाही.

खिडकीशी बसून त्यांनी भिंग लावलं आणि काम सुरू केलं. मी शेजारी बसले. डोळे झाले, नाक झालं.

माझ्या मनात पाप आलं. हा चेहरा मनकर्णाचा नाही. हे पद्माला काढतायत. मला इतकी चीड आली की मी भिंग ओढून घेतलं आणि बघितलं.

पद्मा नव्हती.

मनकर्णाही नव्हती.

तिशीची बाई. रुंद कपाळ, वरच्या ओठावर तीळ, नजर सरळ माझ्याकडे.

"हा तीळ कुठून आणला?" मी विचारलं.

हे पेन्सिलीकडे बघत राहिले. म्हणाले, "तिला होता ना." आवाजात खात्री नव्हती.

मी तेव्हाच तो कागद फाडायला हवा होता. पण सांगते, लपवत नाही. ती पद्मा नाही म्हटल्यावर मला इतकं हलकं वाटलं की पुढचा विचारच केला नाही.

संक्रांतीला दुपारी आम्ही पोचलो. ओसरीवर बाया जमल्या होत्या. मनकर्णा धावत आली, हात पदराला पुसले आणि फोटो घेतला.

तिचं हसू जागच्या जागी राहिलं.

शेजारच्या शोभाबाई म्हातारीने वाकून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"आनंदाबाईचा फोटू कवा काढला जी तुमी?"

 आनंदाबाईचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. हे तर तिच्या हयातीत त्या गावात गेलेही नव्हते.

रूपराव आतून आले. तो अबोल माणूस फोटो छातीशी धरून लहान मुलासारखा रडला. मग सगळ्यांसमोर मनकर्णाला म्हणाले, "तो टाक काढ आता. तिची जागा तिले भेटली."

मनकर्णाने टाक काढून त्यांच्या हातात दिला. जे तिला हवं होतं तेच झालं, पण कसं झालं बघा.

मी तिला बाजूला नेलं.  तीच म्हणाली, "बाई, मी बसली होती ना त्या खुर्चीत? तुमी पाह्यलं ना?"

मी म्हटलं, पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"मंग मी काऊन नाई आली?"

 पुढे ती कधी दिसलीच नाही.

चैत्रात तिचा भाऊ किसनराव कारंज्याहून, घाडग्यांच्या कारंज्याहून, आमच्या दारात आला. बहीण तुमच्याकडे आली का, विचारत होता. रूपराव सांगत होते, ती माहेरी गेली. माहेरी ती पोचलीच नव्हती. विहिरी उपसून झाल्या होत्या, पोलिसांत कळवून झालं होतं.

आम्ही तिघं लगेच गावी निघालो.

रूपराव अंगणात बसले होते. अंगाने भरले होते, चेहऱ्यावर तेज होतं. ओसरीच्या भिंतीवर तो फोटो, काचेवर हळदकुंकू. किसनरावाने बहिणीचं विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "गेली. तिचं मन नाई लागलं." मग आत तोंड करून हाक मारली, "आनंदा, पाव्हन्याइले चा ठेव."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. किसनराव म्हणाला, "भाऊजी, घरात कोन हाय?"

रूपराव नुसते हसले.

आणि आतून...

कपबशीचा आवाज आला. मग बांगड्या. काचेच्या, भरगच्च. पावलं उंबऱ्यापर्यंत आली.

उंबऱ्याच्या आत तीन कप ठेवलेले दिसले. चहाची वाफ निघत होती. ठेवणारं कुणी दिसलं नाही.

"रूपराव, घ्या म्हना," आतून बाईचा आवाज आला.

नवऱ्याला नावाने हाक. सगळ्यांसमोर.

किसनराव उठून आत धावला. आम्ही मागोमाग. स्वयंपाकघरात चूल पेटलेली, आधण उतरवून ठेवलेलं. मागचं दार आतून बंद. माणूस एकही नाही. कोपऱ्यात मनकर्णाचं लुगडं घडी घालून ठेवलेलं, त्यावर तिची काळी पोत.

मनकर्णा सापडली नाही. आजतागायत नाही.

ह्यांनी घरी येऊन त्या फोटोची मूळ काच फोडली. पुन्हा कधी कुणाचा चेहरा पेन्सिलीने भरला नाही.  मी मात्र दुसऱ्याच दिवशी सोनाराकडे गेले आणि चांदीचा टाक घडवून घेतला. पद्माचा. लग्नात माझ्या आईने सुचवलं होतं तेव्हा ह्यांनी हसण्यावारी नेलं होतं. आता गळ्यात टाक बघून हसले नाहीत.

तेव्हापासून रोज पहिला घास तिचा. परसात दगडावर ठेवते. हे जाऊन अठरा वर्षं झाली, तरी ठेवते.

मनापासून ठेवत नाही, ते खोटं कशाला सांगू. मला ती अजून आवडत नाही. हे शेवटच्या आजारात वाताच्या भरात होते, तेव्हा त्यांनी कुणाचं नाव घेतलं ते मी ऐकलंय.

आमच्या परसात आंब्यावर कावळ्यांची वस्ती आहे. शिळा तुकडा टाकला तरी झडप घालतात.

त्या घासाला मात्र सदुसष्ट वर्षांत एकदाही कावळा शिवलेला नाही.