टाचेचे दोन ठोके

जुन्या व्हॅनचा सायलेन्सर बदलणं हे फार तर दोन तासांचं काम आहे. त्यातला दीड तास गंजलेल्या बोल्टांशी भांडण्यात जातो आणि उरलेल्या अर्ध्या तासात नवा सायलेन्सर बसतो. तीस वर्षं मी हेच करत आलोय. पण हे दोन तास मी माझ्या धाकट्या भावाला दिले नाहीत.

त्याला सगळे लंबू म्हणायचे. व्हॅनमध्ये बसला की गुडघे स्टिअरिंगला टेकायचे. हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुऊन पोचवायचा त्याचा धंदा. पहाटे निघायचा, एकेका हॉटेलच्या मागच्या फाटकाशी गाडी उभी करायचा आणि आतून कोणी कुलूप काढेपर्यंत बसून राहायचा. थंडीत इंजिन चालू, हीटर चालू, काचा बंद.

गेल्या उन्हाळ्यात तो म्हणाला, "दादा, आवाज वाढलाय रे गाडीचा." खाली शिरून बघितलं तर सायलेन्सरला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांच्या चार गाड्या खोळंबल्या होत्या. मी तेलाचा रिकामा डबा कापला, त्याचा पत्रा भोकावर गुंडाळला, दोन क्लॅम्प आवळले, कडेने पेस्ट थापली आणि वेळ मारून नेली. म्हटलं, महिनाभर चालेल, मग नवा टाकू.

पुढे तो आला की हसायचा. "गावाला नवेकोरे सायलेन्सर आणि सख्ख्या भावाला तेलाचा डबा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच बघ." मी म्हणायचो, येत्या रविवारी नक्की. रविवार दर आठवड्याला येतात, माणसाला वाटतं ते येतच राहणार.

थंडीतल्या एका पहाटे हॉटेलच्या वॉचमनने फाटक उघडलं तेव्हा व्हॅनच्या काचा आतून धुक्याने भरलेल्या होत्या. इंजिन चालू होतं. लंबू मान मागे टाकून बसला होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं. घरी आणल्यावर जो तो म्हणाला, चेहरा बघा किती टवटवीत दिसतोय, आत्ता उठून बसेल असं वाटतं. मी त्याचे गाल बघितले. गुलाबी होते. आमच्या धंद्यात पहिल्याच आठवड्यात शिकवतात, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुराचा वास येईलच असं नाही, आणि त्या धुराने गेलेला माणूस गुलाबी दिसतो.

मी खांदा दिला आणि तोंड बंद ठेवलं. दोन महिने.

मागच्या शुक्रवारी त्याची बायको गॅरेजवर आली. दारातच उभी राहून म्हणाली, "भाऊजी, सोमवारपासून गाडी मी काढते. हॉटेलवाले किती दिवस थांबतील? एकदा खालून नजर घालून द्याल का?"

"चालवता येते तुला?"

"त्यांनीच शिकवलं होतं. ओरडत ओरडत."

मी मान हलवली. ती गेल्यावर हातातला पाना खाली ठेवला आणि नव्या सायलेन्सरची ऑर्डर दिली.

रविवारी सकाळी दहाला मी एकटाच गॅरेजवर गेलो. तिच्या दारातली व्हॅन आणून आत घेतली, मागची बाजू शटरकडे केली म्हणजे धूर रस्त्याकडे जाईल. बाहेर बोचरा वारा होता म्हणून शटर अर्धं खाली ओढलं. आमचं शटर म्हातारं झालंय. अर्ध्यावर ठेवलं तर मुंगीच्या पावलांनी खाली येत राहतं. त्यासाठी एक लाकडी ठोकळा आहे, तो खाली उभा करायचा असतो. त्या दिवशी तो ठोकळा मी व्हॅनच्या पुढच्या चाकाला लावला, गाडी मागून जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली, आणि शटरचं पार विसरून गेलो.

बोल्ट ग्राइंडरने कापावे लागले. जुना सायलेन्सर खाली आला तेव्हा माझा पत्रा त्याला तसाच चिकटून होता. क्लॅम्प घट्ट होते, पण पत्र्याची एक कड उचलली गेली होती, दोन बोटं जातील एवढी, आणि नेमकी तिच्यावरच केबिनच्या तळाला गंजून भोक पडलेलं. मी ते सगळं एका गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात सारलं. मग तळाला पत्रा जोडला, नवा गॅस्केट घातला, नवी रबरं लावली, नवा सायलेन्सर चढवून आवळला.

केबिनमध्ये जाऊन इंजिन चालू केलं तेव्हा ड्रायव्हरसमोरची काच धुकटलेली दिसली. मी हाताने पुसली. बाहेर थंडी आहे, मी घामाघूम आहे, होणारच, असं म्हणून खाली शिरलो.

सायलेन्सर बसवल्यावर कुठे गळतो का ते बघायला दोन माणसं लागतात. एक वर बसून रेस देतो, दुसरा खाली आडवा होऊन कान देतो. आवाजात बोललेलं ऐकू येत नाही म्हणून लहानपणापासून आमची खूण ठरलेली होती. खालच्याने पान्याने चासीवर एक ठोका दिला की रेस वाढवायची, दोन दिले की सोडायची. आणि वरच्याने टाचेने तळावर दोनदा आपटलं की खालच्याने असेल तिथे काम टाकून बाहेर यायचं. एकदा जॅक सरकत होता तेव्हा लंबूने असंच आपटून मला बाहेर काढलं होतं. तेरा वर्षांचा होता तो. नंतर महिनाभर त्या उपकाराखाली माझ्याकडून सायकल धुऊन घेतली.

मी जोडावर कान दिला आणि सवयीने पान्याने एक ठोका दिला.

रेस वाढली.

हात पुढे करून जोड चाचपले. कुठेही हवा लागत नव्हती. मग डोक्यात प्रकाश पडला की वर कोणी नाही. जुन्या गाडीची केबल कधी कधी आपोआप ओढली जाते. मी स्वतःला तेच सांगितलं आणि दोन ठोके दिले.

रेस खाली आली.

पुन्हा एक. वाढली. पुन्हा दोन. उतरली, तीही एकदम नाही, हळू पाय काढत. लंबू तसाच काढायचा. मी कितीदा बजावलं होतं, पट्कन सोड, मला फरक ऐकू येऊ दे.

मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर रडू फुटलं. त्या गाडीखाली, दिव्याच्या उजेडात, तोंडावर पडणाऱ्या गंजासकट मी दोन महिन्यांत पहिल्यांदा रडलो.

"लंबू," मी म्हणालो, "तो पत्रा माझाच होता रे."

इंजिन एका लयीत चालू राहिलं.

"मी मुद्दाम नाही केलं. आज करू, उद्या करू, असं करत राहिलो."

कपाळ ठणकत होतं. दिव्याभोवती कडं दिसायला लागलं. हातपाय जड, कोमट झाले होते. फरशीचा गारवा लागेनासा झाला. वाटलं, हे असंच झालं असेल तर त्याला दुखलं नसेल. वाटलं, जरा डोळे मिटावेत.

मिटले.

वरून टाचेने दोनदा आपटलं.

तळाची धूळ माझ्या पापण्यांवर पडली.

मी हललो नाही. राहू दे, मी म्हणालो, की नुसतं मनात आलं.

पुन्हा दोनदा. जोरात. रागाने.

मी कोपरांवर सरपटत बाहेर आलो. शटर पूर्ण खाली आलेलं होतं.

ते वर कसं ढकललं आठवत नाही. रस्त्याच्या कडेला बसून ओकलो. वळून बघितलं तेव्हा इंजिन बंद होतं. मीच बंद केलं असेल. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. तिच्यासमोरची, मी पुसलेली काच पुन्हा धुकटली होती.

सोमवारी पहाटे ती आली. अंगात त्याचा स्वेटर, बाह्या दुमडलेल्या. मी चहा पुढे केला आणि तिने पेला तोंडाला लावायच्या आत सगळं सांगून टाकलं. भोक, डबा, क्लॅम्प, रविवार, गुलाबी गाल. कोपऱ्यातलं गोणपाट उघडून तो पत्राही दाखवला. ती शिव्या देईल, गाडी इथेच टाकून जाईल, पुन्हा आमच्या दारात पाऊल ठेवणार नाही, हे धरूनच बोललो होतो.

तिने पत्र्याच्या उचललेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "रोज डोकं धरून यायचे. मी म्हटलं, दुसऱ्या गॅरेजात दाखवा. तर म्हणाले, दादाने हाताने लावलंय, दुसरीकडे नेली तर त्याला वाईट वाटेल. वेळ मिळाला की तोच करेल." तिने पेला खाली ठेवला. "भाऊजी, मी तुम्हाला माफ केलं असं आज नाही म्हणवत मला."

"नको म्हणूस."

"पण बरं झालं सांगितलंत. इतके दिवस मला वाटायचं, मीच जोर करायला हवा होता."

मग ती गाडीत बसली. तिचे पाय पोचावेत म्हणून मी सीट पुढे सरकवून ठेवली होती. तिने किल्ली फिरवली. इतकी मुकी व्हॅन मी कधी ऐकली नव्हती. गाडी शटरबाहेर काढून ती थांबली. मी खिडकीशी गेलो.

ती समोरच्या काचेकडे बघत होती. तिच्या पुढची काच स्वच्छ होती. शेजारच्या रिकाम्या सीटसमोर मात्र ताटलीएवढं धुकं धरलं होतं, उंचावर, छताजवळ. ते जरा निवळायचं आणि पुन्हा धरायचं. निवळायचं, पुन्हा धरायचं. झोपलेल्या माणसाचं पांघरूण हलतं त्या संथपणे.

मी तिला उतर म्हणणार होतो. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती वाकली, हात लांब करून शेजारच्या दाराची काच चार बोटं खाली केली, आणि गिअर टाकला.