पाण्याच्या टाकीसमोरची भिंत

ज्ञानेश्वरी रिक्षातून उतरली, बॅग खाली ठेवली, फाटकाच्या कडीकडे हात नेला... आणि हात तसाच अधांतरी राहिला.

भिंत कुठे गेली?

म्हणजे भिंत जागेवरच होती, पण तिची नव्हती. दोन दिवसांपूर्वी ती पुण्याला मावशीकडे गेली तेव्हा कंपाउंडची भिंत फिकट पिवळी होती. आता ती पांढरीफेक झाली होती, आणि तिच्यावर माणसाएवढ्या लाल-निळ्या अक्षरांत लिहिलं होतं — 'आमचे लाडके सुनीलभाऊ यांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा! शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार.' शेजारी एक सोनेरी मुकुटसुद्धा!

"कोण हे सुनीलभाऊ?" तिने रिक्षावाल्यालाच विचारलं.

"मला काय म्हाईत, ताई? पन अक्षर झ्याक काढलंय," असं म्हणून तो निघून गेला.

मग तिला आठवलं आणि ती फाटकाच्या उजव्या अंगाला धावली. तिथे तर मुकुटाचं टोक होतं. खाली नुसता पांढरा चुना.

आईचे हात गेले होते.

हे घर बांधलं तेव्हा सावेडीत घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. घरासमोरच्या पाण्याच्या टाकीपलीकडे ज्वारी डोलायची. बाबांनी, म्हणजे पुंजाराम कंडक्टरांनी, एसटीतल्या नोकरीवर हे घर उभं केलं. वास्तुशांतीला घरची बाई दाराशी कुंकवाचे हात उमटवते, तसे आईने इथे फाटकापाशी उमटवले, पण कुंकू पावसात टिकायचं नाही म्हणून चक्क लाल ऑइलपेंटमध्ये तळवे बुडवून. नंतर दोन दिवस तिच्या हातच्या भाकरीला टर्पेंटाइनचा वास येत होता! आई जाऊन आता तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून बाबा रोज सकाळी दूध घेऊन आले की त्या हातावर आपला तळवा क्षणभर टेकवत आणि आत येत. त्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

बाबा गावी गेले होते. पुढच्या सोमवारी परत येणार होते.

ती तशीच उभी असताना कॉलनीच्या सोसायटीचे सेक्रेटरी रविराजकाका स्कूटरवरून आले आणि त्यांनी एक कागद तिच्या हातात ठेवला.

"बरं झालं भेटलीस. सही कर इथं."

तिने वाचलं. भिंतीचे विद्रूपीकरण झाले असून मालकाने ते सात दिवसांत साफ करावे. अन्यथा सोसायटी मशीनने भिंत घासून घेईल.

"काका! रंगवली भलत्यानं आणि साफ करायची मी?"

"भिंत तुमची ना? मग तिच्यावरचं पण तुमचंच. नियम सगळ्यांना सारखा, बाळ."

"आणि मशीन म्हणजे?"

"तारेचा फिरता ब्रश असतो. पार विटा दिसेपर्यंत साफ करतो!" काका अभिमानाने म्हणाले आणि गेले.

विटा दिसेपर्यंत... ती मटकन खाली बसली, आणि बसल्यामुळेच तिला भिंतीच्या तळाशी ती बारीक ओळ दिसली. 'कानिफ आर्ट्स, पारनेर.' पुढे मोबाईल नंबर. घर लुटून वर उंबऱ्यावर आपलं नाव-गाव ठेवून जाणारा चोर तिने जन्मात पाहिला नव्हता!

तिने फोन लावला.

"हॅलो, कानिफ आर्ट्स. बोला ताई."

"सावेडीत टाकीसमोरची भिंत तुम्ही रंगवलीत?"

"व्हय! मीच." आवाज खुशीत आला. "आवडली का? तुमची बी हाय का भिंत?"

"तीच माझी आहे!"

पलीकडची खुशी एकदम ओसरली. मग हळूच, "...आलोच."

तो दीड तासाने मोटारसायकलवरून आला. उंच, सावळा, एका कानाच्या पाळीला निळा रंग लागलेला. नाव कानिफनाथ. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग टाकीच्या दुसऱ्या अंगाकडे. तिकडेही एक लांबलचक भिंत होती. कोरी.

"आईशप्पथ," तो पुटपुटला. "टाकीसमोरची लांब भिंत, मालक हो म्हनल्यात, एवढंच सांगितलं हुतं मला. मी दोनदा बेल बी वाजवली, पन..."

"इथं माझ्या आईचे हात होते." तिने चुन्यावर बोट ठेवलं. "लाल. तुम्हाला दिसले नाहीत?"

त्याने मान खाली घातली. "दिसले."

ज्ञानेश्वरीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. दिसले? दिसूनही या माणसाने...

"दिसले, म्हनूनच त्याच्यावर चुना लावला न्हाई," तो घाईने म्हणाला. "कुना माउलीचे हात, त्याच्यावर ब्रश कसा फिरवू? गव्हाच्या खळीनं वर्तमानपत्र चिकटवलं, आनि मग चुना मारला. आत असतील ते... पन ताई, वढायचं न्हाई हां. खळ लई धरती. कागदासंगं रंग बी निघून यील."

"मग?"

"गोनपाट भिजवून ठिवायचं. सकाळ-संध्याकाळ. खळ आपसूक सुटंल तवा सुटंल. तवर बाकीची भिंत मी घासतो. चूक माझी हाय."

तिचा विश्वास बसला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फाटकाशी मोटारसायकल वाजली.

ऑक्टोबरचं ऊन असं की लावलेलं गोणपाट तासाभरात कोरडं व्हायचं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला जायच्या आधी पाणी मारायची, दुपारी डबा खायला आली की पुन्हा, आणि संध्याकाळी स्वतःही थोडं खरवडायची. तो अक्षरामागून अक्षर खरवडत असायचा. टर्पेंटाइनचा वास, ओल्या गोणपाटाचा वास, आणि मध्येच त्याचं गुणगुणणं...

"काल 'लाख लाख' गेले," तो सांगायचा. "आज 'शुभेच्छा' काढतो."

"स्वतःच काढलेलं पुसताना वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. 'भा' लई भारी जमला व्हता, ताई."

"ताई म्हणू नका हो सारखं."

"मग काय म्हनू? मॅडम?"

"नाव आहे मला."

"लई लांब हाय नाव. भिंत पुरायची न्हाई."

ती हसली, आणि आपण हसलो याचा तिलाच धक्का बसला. चार दिवसांपूर्वी ह्या माणसाला पोलिसात द्यायला निघालो होतो आपण! पाणी मारताना एकदा दोघांचे हात त्याच गोणपाटावर आले. त्याने पटकन काढून घेतला. तिने नाही.

सहाव्या दिवशी डाव्या हातावरचा कागद सुटला. खाली लाल, फिकट, पण अख्खा तळवा! ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. कानिफने तिकडे पाठ केली आणि उगाचच ब्रश धूत बसला. उजवा मात्र सुटेना.

सोमवारी सकाळी रविराजकाका आले ते मशीन आणि दोन माणसं घेऊन.

"काका, एवढा एक चौकोन राहिलाय. तासभर द्या," कानिफ म्हणाला.

"सात दिवस झाले. नियम म्हणजे नियम. लावा रे!"

मशीन घरघरलं. आणि काय झालं ते ज्ञानेश्वरीला कळलंच नाही. ती ओल्या गोणपाटाला पाठ लावून भिंतीशी उभी होती, दोन्ही हात पसरून.

"चालवा," ती म्हणाली. "माझ्यावरून चालवा!"

काकांचा आ वासला. मशीनवाल्याने बटण बंद केलं. तेवढ्यात रिक्षा थांबली आणि पिशवी घेऊन बाबा उतरले.

खरवडलेली भिंत, तोंडाला फडकं बांधलेली माणसं, पाठ भिजलेली मुलगी, आणि कोण कुठला तरुण! बाबा जागच्या जागी खिळले. "ज्ञानू... काय चाललंय हे?"

रविराजकाकांनी नोटिशीचा कागद त्यांच्यापुढे धरला. कानिफच पुढे झाला. "बाबा, जरा थांबा," म्हणत त्याने गोणपाट काढलं, ओल्या कागदाचं टोक नखावर घेतलं आणि श्वास धरून हळूहळू सोडवू लागला. अंगठा दिसला. तळवा. बोटं... शेवटच्या क्षणी करंगळीचं टोक कागदाबरोबर निघून आलं.

कानिफचा चेहरा पांढरा पडला. "गेलं... माझ्यामुळं गेलं."

बाबा जवळ आले, आणि त्यांनी त्या हातावर आपला तळवा टेकवला. आज क्षणभर नाही, खूप वेळ.

"रविराज," शेवटी ते म्हणाले, "या हातांवर मशीन फिरणार नाही. बाकीची साफच आहे. भिंत साफ झाली म्हणून कर सही कागदावर." मग कानिफकडे वळून म्हणाले, "तुझा हात हलका आहे, पोरा. चहा टाकतो." आणि डोळे पुसत आत गेले.

काकांनी मुकाट्याने सही केली. मशीन गेलं. फाटकाशी दोघंच उरले.

"संपलं म्हनायचं काम," कानिफ म्हणाला. तो गोणपाटाची घडी घालत होता. तिसऱ्यांदा.

"रंग द्यायचाय अजून भिंतीला."

"त्ये अर्ध्या दिवसाचं."

"तुम्हाला हळू काम करता येतं, पाहिलंय मी."

तो हसला. मग हसायचा थांबला.

"गावाकडं घर बांधलं यंदा. दोनच खोल्या हायत. आईला म्हनलं, हात उमटव. तर म्हनती, माझे नकोत, सुनेचे उमटू दे. दारापाशी तेवढी जागा सोडलीया... रोज दुसऱ्याच्या भिंती रंगवतो, पन त्या जागंला ब्रश लावला न्हाई." त्याने वर पाहिलं. "ज्ञानेश्वरी... तुमचे हात तिथं आले तर...?"

आठ दिवसांत इतके धक्के बसले होते, पण हा सगळ्यांत मोठा होता. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. चुन्याने फुटलेले, नखांत निळा रंग.

"हे असले?"

"असलेच."

पलीकडून स्कूटर गेली, कुणीतरी हाक मारली, तिला काही ऐकू आलं नाही. कान गरम झाले होते.

"रविवारी येते बघायला," ती म्हणाली.

"भिंत?"

"आधी भिंत..." तिने फाटक ढकललं, त्याला आत यायला वाट करून दिली आणि न वळताच म्हणाली, "मग आईंना."