माशीची नजर, खंड्याची झेप

प्रयोगशाळेतला पंखा पूर्ण वेगात फिरत होता आणि त्याच्या पात्यांवर चिकटवलेली अक्षरं केतकी खुर्चीत बसून वाचून दाखवत होती. डॉ. ऐनापुरे कौतुकाने बघत होते. केतकी त्यांची मुलगी, नव्या विमानांची चाचणी घेणारी वैमानिक. तिच्या मेंदूतलं 'कालदृष्टी-रोपण' हे त्यांनी आयुष्यभर माशा पाळल्याचं फळ होतं.

आपल्याला एक चित्र दिसतं तेवढ्यात घरमाशीला चार दिसतात. मारायला उचललेला हात तिला सावकाश येताना दिसतो आणि ती निसटते. तीच नजर माणसाला दिली, तर अरुंद दरीतूनही विमान पूर्ण वेगात नेता येईल, असं ऐनापुऱ्यांचं म्हणणं.

त्यांच्या सहकारी डॉ. निलोफर पटवेकरांना ते पटत नव्हतं. त्यांची हयात खंड्या पक्ष्याच्या अभ्यासात गेली होती.

"सर, माशीला वजनच नाही. दिसलं की वळते. खंड्याला झेपावल्यावर वळता येत नाही. म्हणून तो आधी फांदीवर बसून अंदाज घेतो आणि पाण्यात शिरताना डोळ्यांवर पडदा ओढतो. विमानाचं नातं खंड्याशी आहे."

"खंड्या जुगारी आहे," ऐनापुरे हसून म्हणाले. "आंधळी उडी मारतो. माझ्या मुलीला सगळं दिसेल."

हुशार माणूस हट्टाला पेटला की त्याला आवरणार कोण? चाचण्या सगळ्या खुर्चीत झाल्या, नुसत्या नजरेच्या. हात आणि विमान किती वेगाने वळतं, हे कुणी तपासलंच नाही. केतकीने निलोफरना धोका विचारला, त्यांनी तो स्पष्ट सांगितला, तरी वडिलांच्या तोंडाकडे बघून ती दरीतल्या उड्डाणाला तयार झाली. संताप येतो तो याचाच.

दरीत नुकतीच विजेची तार ओढली होती. नकाशात ती नव्हती. विमान तारेवर आदळलं आणि केतकी गेली.

अवशेषांत सापडलेली तिच्या मेंदूची नोंद दुसऱ्या दिवशी पडद्यावर लावली. ऐनापुरे आणि निलोफर समोर बसले होते. धडकेच्या दोन सेकंद आधी आलेखाने उसळी घेतली होती. एरवीच्या वैमानिकाला ती बारीक तार दिसलीच नसती, तो बेसावध मेला असता. केतकीने तत्काळ विमान वर घेणारा दांडा ओढला होता. जड विमानाने नाक जेमतेम उचललं होतं.

ऐनापुऱ्यांचा चेहरा उजळला. "दिसली होती तिला, निलोफर. रोपण चाललं."

"हो, सर," निलोफर म्हणाल्या. "आपले दोन सेकंद, तिचे आठ. शेवटपर्यंत दिसत होती."